आरसा लावण्यापूर्वी त्यात काय दिसते ते पाहा

फेंगशुई या चिनी शब्दाचा अर्थ ‘वारा आणि पाणी’ असा आहे, आणि या परंपरेची सारी मांडणी ‘ची’ नावाची ऊर्जा घरात कुठून शिरते, कुठे अडते आणि कुठून निसटते याभोवती फिरते. त्यासाठी नवी शोभेची वस्तू विकत आणण्याआधी घरातलाच आरसा हलवून पाहावा. मुख्य दाराच्या अगदी समोर टांगलेला आरसा आत येणारी ऊर्जा आल्या पावली परत पाठवतो, असे मानतात. म्हणून तो बाजूच्या भिंतीवर अशा ठिकाणी घ्यावा, जिथे त्यात खिडकी, झाड किंवा निदान मोकळी भिंत दिसेल. खिळा ठोकण्यापूर्वी कोणाला तरी आरसा भिंतीशी धरायला सांगून आपण समोर उभे राहावे, कारण आरसा समोरची प्रत्येक गोष्ट दुप्पट करतो आणि कागदांचा पसारा दुप्पट झालेला कोणालाच नको असतो. त्यात पलंग दिसत असेल आणि जागा बदलणे शक्य नसेल, तर झोपताना वरून कापड सोडले तरी भागते. तडा गेलेला आरसा मात्र काढूनच टाकावा.

दार चपलांच्या ढिगाला अडून अर्धेच उघडत असेल, तर तो ढीग आधी हलवावा. फेंगशुईतील 5 तत्त्वांपैकी काष्ठ आणायचे म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात कुंडी ठेवण्याचा मोह होतो, पण सुकलेले रोप दोषच मानले जात असल्याने तिथे अग्नितत्त्वाचा दिवा बरा.