रायबोझोमल प्रोटीनचा ऑपरॉन कागदावर कसा सोडवायचा

रायबोझोम म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, आणि ऑपरॉन म्हणजे एकाच एमआरएनएवर एकत्र उतरणारा जीन्सचा गट. रायबोझोमची काही प्रोटीन स्वतःचाच ऑपरॉन बंद करतात. एमएस्सी मायक्रो किंवा नेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण हा टॉपिक टेबल पाठ करून उरकतात, एस ४ कुठला ऑपरॉन बंद करतं, एस ८ कुठला, एल ४ कुठला (एस म्हणजे रायबोझोमच्या छोट्या भागातलं प्रोटीन, एल म्हणजे मोठ्या), आणि प्रश्न जरा फिरवून आला की तिथेच अडकतात. टेबल बाजूला ठेवा आणि एक ऑपरॉन स्वतःच्या हाताने काढा, बाकीचे बरेचसे त्याच रस्त्याने सुटतात.

आधी अडचण काय आहे ती समजून घ्या. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या रायबोझोममध्ये तीन आरआरएनए (रायबोझोमचाच भाग असलेले आरएनए) आणि ५४ प्रोटीन, त्यातली २१ छोट्या सबयुनिटमध्ये आणि ३३ मोठ्या. एल ७/एल १२ च्या ४ कॉपी लागतात, बाकीच्यांची एकेकच. आणि जीन्स तर वेगवेगळ्या ऑपरॉनमध्ये विखुरलेले, मग सगळ्यांचं प्रमाण जुळतं कसं? मासायासु नोमुरा यांच्या विस्कॉन्सिनच्या लॅबने १९८० च्या सुमारास याचं उत्तर दिलं. पेशीत या जीन्सच्या जादा कॉपी घातल्या की एमआरएनए वाढायचा पण प्रोटीन त्या प्रमाणात वाढायचं नाही, म्हणजे ब्रेक ट्रान्सक्रिप्शनवर (जीनवरून एमआरएनए बनण्यावर) नाही, ट्रान्सलेशनवर (एमआरएनए वाचून प्रोटीन बनण्यावर) लागतोय. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एवढ्या एका निरीक्षणाने शोधायची जागाच बदलली.

आता कागद घ्या. एल ११ ऑपरॉन काढा, यात दोनच जीन्स आहेत, आधी एल ११ आणि मग एल १. एल ११ जिथून सुरू होतं त्या भागात एमआरएनएवर एक घडी काढा आणि बाजूला मोठ्या सबयुनिटमधल्या २३एस आरआरएनएचा तुकडा काढून त्यावरही तशीच घडी काढा. एल १ प्रोटीन या दोन्हींवर बसू शकतं, पण आरआरएनएवर जास्त घट्ट बसतं. सगळी गंमत या एका वाक्यात आहे, ते अधोरेखित करा. घरी पोळ्या होत असतात तेव्हा जेवणारे पानावर असेपर्यंत तव्यावरची पोळी थेट ताटात जाते, पानं उठली की पोळ्या साचायला लागतात, आणि समजा त्या पोळपाटावरच ठेवल्या तर पुढची लाटायला जागा उरत नाही. एल १ म्हणजे पोळी, आरआरएनए म्हणजे जेवणारे आणि एमआरएनएवरची घडी म्हणजे पोळपाट.

पुढचा प्रश्न सगळ्यांना पडतो, की एल १ जर एल ११ च्या सुरुवातीला बसलं तर स्वतःचं ट्रान्सलेशन कसं थांबवतं, त्याचा जीन तर पुढे आहे. इथे ट्रान्सलेशनल कपलिंग येतं: एल ११ वाचत रायबोझोम पुढे आला तरच एल १ ची सुरुवात नीट होते, त्यामुळे एका जागी अडवलं की दोन्ही बंद.

चित्र झालं की त्यात एकेक गोष्ट बिघडवून बघा, उत्तर आधी स्वतः लिहायचं. एल १ जास्त बनवलं तर? एल ११ चं उत्पादन पडतं. एल १ नसलेला म्युटंट घेतला तर? एल ११ गरजेपेक्षा जास्त बनतं. एमआरएनएवरची घडी म्युटेशनने मोडली तर? एल १ ला बसायला जागाच नाही, दोन्ही जास्त बनतात. ही तीन उत्तरं कारणासकट देता आली की तुम्हाला विषय समजला असं मी म्हणेन.

आता वेगळी वळणं. एसपीसी नावाच्या ऑपरॉनमध्ये एस ८ हे एल ५ च्या सुरुवातीला बसतं, म्हणजे ऑपरॉनच्या मध्येच, तरीही त्याच्या आधी येणारे एल १४ आणि एल २४ कमी होतात, कारण ट्रान्सलेशन थांबलं की एमआरएनए तुटायला लागतो आणि आधीचा भागही जातो. एस १० ऑपरॉनमध्ये ११ जीन्स आहेत आणि तिथे एल ४ ट्रान्सलेशन तर अडवतंच, शिवाय लीडरमध्येच (पहिल्या जीनच्या आधीच्या एमआरएनएच्या भागात) ट्रान्सक्रिप्शनही थांबवतं, नसए या प्रोटीनच्या मदतीने. एस १५ ची रीत अजून वेगळी, ते रायबोझोमला एमआरएनएवर बसू देतं पण पुढे सरकू देत नाही. एल १० च्या बाबतीत रेग्युलेटर एकटं एल १० नसून एल १० आणि एल १२ चं कॉम्प्लेक्स असतं. प्रोटीनच्या नावांतल्या आकड्यांत अर्थ शोधत बसू नका, ते प्रोटीन जेलवर वेगळी केल्यावर ठिपके कुठे पडले त्यावरून दिलेत, कामावरून नाही.

शेवटी चित्राच्या वर आरआरएनएचे ७ ऑपरॉन काढा आणि त्यांच्यावर पीपीजीपीपी लिहा, हा उपासमारीत पेशीत बनणारा इशाऱ्याचा छोटा रेणू. अमिनो ॲसिड संपली की पीपीजीपीपी वाढतो, डीकेएसए या प्रोटीनच्या साथीने आरआरएनए बनणं कमी होतं, मग एल १ ला, एस ८ ला बसायला आरआरएनए मिळत नाही आणि ती आपापल्या एमआरएनएकडे वळतात. तिथून खालचे बाण आता तुम्ही काढा.