तरुण मांजराची यकृत-विकरे विनाकारण वाढलेली दिसली, तर या चुका टाळा

नसबंदीपूर्वी भूल देता यावी म्हणून रक्त तपासायला पाठवले जाते, मांजर घरात पडद्यांवर चढून धुडगूस घालत असते, आणि रिपोर्टवर एसजीपीटी या यकृत-विकराच्या (एन्झाइमच्या) आकड्यासमोर मात्र 'मर्यादेपेक्षा जास्त' असा शेरा येतो. आठ महिने ते दोन वर्षे वयाच्या मांजरांच्या बाबतीत हा प्रसंग मुळीच दुर्मीळ नाही. मांजर आजारी दिसत नाही आणि कारणही सापडत नाही, अशा वेळी पालकांच्या हातून ज्या चुका होतात, त्या बहुतेक करून आकड्यावर उपचार करण्याच्या घाईतून होतात.

आकड्याचा भलताच अर्थ लावणे

एसजीपीटी, ज्याला रिपोर्टवर एएलटी असेही लिहितात, हे यकृताच्या पेशींच्या आत असणारे विकर आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते. म्हणजे हा आकडा पेशींना त्रास झाला आहे एवढेच सांगतो. यकृत आपले काम किती चांगले करत आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्याच रिपोर्टमधील अल्ब्युमिन, ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन यांच्याकडे पाहावे लागते. 'लिव्हर खराब झाले' हा निष्कर्ष एकट्या एसजीपीटीवरून काढणे जितके चुकीचे, तितकेच विकरे मर्यादेत आहेत म्हणून यकृत ठणठणीत आहे असे मानणेही चुकीचे, कारण जन्मजात रक्तवाहिनी-दोषात, म्हणजे पोर्टोसिस्टेमिक शंटमध्ये, विकरे कित्येकदा जवळपास सामान्य असतात.

दुसरी गल्लत कुत्र्याचे किंवा माणसाचे माप मांजराला लावण्याची. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर मांजराच्या रक्तात फार वेळ टिकत नाही. त्याची पातळी निम्मी व्हायला कुत्र्यात सुमारे तीन दिवस लागतात, तर मांजरात सुमारे सहा तास. म्हणून कुत्र्यात दुर्लक्षिता येईल अशी किरकोळ वाढ मोठ्या मांजरात गांभीर्याने घ्यावी लागते. मात्र वाढत्या वयाच्या पिल्लात हेच विकर हाडांमधूनही येते आणि तेव्हा ते वाढलेले असणे स्वाभाविक असते. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबने माणसाची मर्यादा छापून दिलेला रिपोर्ट असेल, तर त्यावरील 'जास्त' आणि 'कमी' हे शेरे बाजूला ठेवावेत आणि आकडे पशुवैद्यांना दाखवावेत.

एसजीओटी हे रिपोर्टवरचे आणखी एक विकर यकृताप्रमाणे स्नायूंमध्येही असते. रक्त काढताना मांजराने जोरदार झटापट केली असेल, ते खिडकीतून पडले असेल, किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर ते वाढते. अशा वेळी सोबत क्रिएटिन कायनेज हे स्नायूंचे विकर तपासले, तर गुंता बऱ्यापैकी सुटतो.

पूर्वेतिहास अर्धाच सांगणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. 'कारण सापडत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते घरातच असते, फक्त कोणी विचारलेले नसते. पर्शियन पिल्लांना गजकर्ण होणे नित्याचे आहे आणि त्यासाठी इट्राकोनाझोल किंवा ग्रिसिओफुल्विन कित्येक आठवडे दिले जाते. ही दोन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. आधीच्या डॉक्टरांनी दिलेले हे औषध नव्या डॉक्टरांना सांगायचे राहून जाते, कारण पालकांच्या लेखी तो 'त्वचेचा विषय' असतो. फिटसाठी दिलेले फेनोबार्बिटॉल आणि तोंडावाटे दिलेले डायझेपाम यांचाही यात समावेश होतो. डायझेपाममुळे काही मांजरांचे यकृत अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, पण ती तातडीची आणीबाणी असते, महिनोन्महिने रेंगाळणारे कोडे नव्हे.

फरशी पुसण्याच्या बादलीकडेही पाहावे. पाण्यात टाकताच पांढरे दुधाळ होणारे काळे फिनाईल फिनॉलवर्गीय असते. मांजराच्या यकृतात अशा पदार्थांचा निचरा करणारी ग्लुकुरोनायडेशनची प्रक्रिया अतिशय क्षीण असते, आणि ओल्या फरशीवरून चालून गेलेले मांजर दोन मिनिटांत पंजे चाटू लागते. टी-ट्री किंवा अन्य सुगंधी तेलांचे डिफ्यूझर, कपाटातल्या डांबरगोळ्या, पावसाळ्यात उघड्या पिशवीत राहून बुरशी धरलेले ड्राय फूड, हे सगळे डॉक्टरांना सांगण्याच्या यादीत असावे. गच्चीवर किंवा सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी शोभेसाठी ठेवलेले सायकस हे झाड यकृताला अत्यंत घातक असते, त्यातही त्याच्या बिया सर्वाधिक. त्याची पाने मांजर कुरतडते का, हे मुद्दाम पाहावे.

आणि मांजर पाली खाते का? हा प्रश्न ऐकून पालक हसतात, पण उष्ण प्रदेशांत प्लॅटिनोसोमम नावाचा यकृतकृमी गोगलगायी, सांधेदार पायांचे लहान जीव आणि पाली अशा साखळीतून मांजरापर्यंत पोहोचतो व पित्तनलिकांत राहतो. नेहमीच्या जंतनाशकाच्या मात्रेने तो जाईलच असे नाही, आणि विष्ठेच्या साध्या तपासणीत त्याची अंडी सहज निसटतात. मांजर शिकारी असेल, तर हे आपणहून सांगावे.

दुसरी तपासणी न करणे, किंवा भलत्याच घाईने करणे

मांजर व्यवस्थित खात आहे, वजन टिकून आहे, बिलिरुबिन सामान्य आहे आणि एसजीपीटी मर्यादेच्या दुप्पट-तिपटीच्या आत आहे, अशा स्थितीत संशयित गोष्टी बंद करून दोन ते चार आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त तपासणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या यंत्रावर तपासून 'वाढले की कमी झाले' याचा हिशेब करण्याने केवळ गोंधळ वाढतो. चालू असलेले औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. फिटचे औषध एकदम बंद करणे तर धोक्याचेच. तातडीची नसलेली नसबंदी तोपर्यंत पुढे ढकलता येते.

थांबण्याची ही मुभा प्रत्येक मांजराला नसते. कानांच्या आतली त्वचा, हिरड्या किंवा टाळू पिवळसर दिसणे, वारंवार उलट्या, ताप, फुगलेले पोट, किंवा एक दिवसाहून अधिक काळ अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात पाणी, ताप आणि कावीळ ही लक्षणे तरुण मांजरात एफआयपी या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या मांजरांच्या गंभीर आजाराचीही असू शकतात.

सगळी औषधे एकदम सुरू करणे

अँटिबायोटिक, स्टेरॉइड, यकृताचे टॉनिक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा हे सर्व एकाच आठवड्यात सुरू झाले, की पुढे आकडा उतरला तरी कशाने उतरला हे कळत नाही, आणि चढला तरी दोष कोणाला द्यावा हे कळत नाही. यांत स्टेरॉइडची घाई सर्वाधिक वाईट. टॉक्सोप्लाझ्मासारखा संसर्ग असेल तर तो त्याने बळावू शकतो आणि नंतर घेतलेल्या बायोप्सीचे चित्रही धूसर होते. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्त पातळ करते म्हणून सरसकट दिले जाते, परंतु पित्तनलिका अडलेली असेल तर ते देऊ नये.

'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार' या समजुतीबद्दल थोडे. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या माणसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला आणि वाद झाला. तो वाद माणसांपुरता होता. मांजराचे यकृत औषधांच्या बाबतीत माणसाहून कितीतरी नाजूक असते, तेव्हा काढ्यांचा प्रयोग त्याच्यावर नको.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणे

यकृताचा त्रास म्हटले की घरात मऊ भात आणि दही पुढे येते. मांजर मांसाहारी प्राणी आहे आणि प्रथिने कमी केली की त्याचे स्वतःचे स्नायू झिजू लागतात. प्रथिनांवर मर्यादा घालावी लागते ती मुख्यतः यकृतविकाराचा परिणाम मेंदूवर होत असेल तेव्हाच, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. न आवडणाऱ्या नव्या अन्नामुळे मांजराने दोन-तीन दिवस खाणे सोडले, तर यकृतात चरबी साचून हेपॅटिक लिपिडोसिस हा खराखुरा गंभीर आजार उद्भवू शकतो, लठ्ठ मांजरात तर अधिकच. म्हणजे किरकोळ वाढलेल्या आकड्यावरचा घरगुती उपाय मूळ दुखण्यापेक्षा जड जातो.

योग्य तपासण्या टाळणे

दुसऱ्या तपासणीतही विकरे वाढलेलीच राहिली, तर पित्ताम्लांची चाचणी करावी. उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा असे दोनदा रक्त घेतले जाते, आणि शंट ओळखण्यासाठी ती विशेष उपयोगी पडते. कावीळ आधीच झालेली असेल तर तिचा काही उपयोग नसतो. शंट असलेली पिल्ले बहुधा खुरटलेली असतात, त्यांच्या तोंडातून लाळ गळते, विशेषतः खाल्ल्यानंतर ती भ्रमिष्टासारखी वागतात. तांबूस बुबुळे हेही एक लक्षण सांगितले जाते, पण पर्शियन मांजरात तो रंग जातीचाच असू शकतो, त्यामुळे त्यावरून घाबरू नये.

त्यानंतरची पायरी सोनोग्राफीची. ती मांजरांची नेहमी सोनोग्राफी करणाऱ्याकडून करून घ्यावी. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी आपले डॉक्टर पाठवू शकतात. सुईने घेतलेल्या पेशींवरून लिपिडोसिस किंवा लिम्फोमा हा कर्करोग ओळखता येतो, परंतु पित्तनलिकांच्या सुजेचे निदान त्यावरून खात्रीने होत नाही, त्यासाठी बायोप्सी लागते. बायोप्सीपूर्वी रक्त गोठण्याची चाचणी झालीच पाहिजे. यकृतविकारात के जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते आणि ती आधी भरून काढता येते.

हे सर्व करूनही काही मांजरांत निश्चित निदान होत नाही. अशा वेळी तीन-चार महिन्यांनी रक्त, दर महिन्याला घरच्या काट्यावर वजन, आणि प्रत्येक रिपोर्टची तारीखवार फाइल एवढे सांभाळावे, व डॉक्टर बदलल्यास ती फाइल पहिल्याच भेटीत त्यांच्या हाती द्यावी.