तेल लावलं हौसेनं, आता निघता निघेना? केस धुताना या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात मावसबहिणीचा साखरपुडा होता, सकाळी अकराचा, आणि मी शहाणी, आदल्या रात्री एरंडेल, खोबरेल आणि वर थोडं बदाम तेल असं चांगलं अर्धी वाटी कोमट करून कमरेपर्यंतच्या केसांना चोपडलं, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला आणि झोपून गेले. सकाळी दोनदा शॅम्पू केला. केस ओले होते तोवर सगळं छान वाटत होतं. रिक्षात वारा लागून वाळायला लागले तशा मागच्या बटा एकमेकींना चिकटून सुतळीसारख्या दिसायला लागल्या, आणि हॉलवर पोचल्या पोचल्या मावशीनं मागून हात फिरवून सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, केस धुतलेस की नुसते भिजवलेस?"

ती चिडवत होती, पण झालं होतं अगदी तेच. मग पुढचे दोन-तीन महिने दर रविवारी वेगवेगळं करून बघितलं, आईला विचारलं, पार्लरवाल्या ताईला विचारलं, तेव्हा लक्षात आलं की तेल निघत नाही त्याला बरेचदा शॅम्पू जबाबदार नसतो, आपणच पाणी फार लवकर ओततो.

सगळ्यात मोठी चूक: पहिला मग डोक्यावर

आपल्याला सवयच ती. बाथरूममध्ये गेलं की बादलीतला मग उचलायचा आणि डोक्यावर. बिनतेलाच्या केसांना ठीक आहे. पण तेलानं माखलेल्या केसांवर पाणी वरच्या वर ओघळून जातं, आणि त्यानंतर शॅम्पू लावला की तो तेलाला भेटायच्या आधीच पाण्यात पातळ होतो. शॅम्पूतला जो साफ करणारा घटक असतो त्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून तेलाचे बारीक थेंब सुटे होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात, पण त्यासाठी तो आधी तेलापर्यंत पोचायला तर पाहिजे ना. भजी तळलेली कढई आठवा. कढईत आधी पाणी भरलं तर तेलाचा तवंग नुसता वर फिरत बसतो, तेच कोरड्या कढईला घासणीनं साबण चोळला आणि मग पाणी घातलं की झटकन निघते.

केसांचंही तसंच. कोरड्या तेलकट केसांना थेट शॅम्पू लावायचा. मधोमध भांग पाडून दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, असे चार करायचे. शॅम्पू तळहातावर घेऊन दोन्ही हातांना पसरवायचा आणि एकेक भाग दोन तळहातांच्या मध्ये धरून वरून खाली निपटत न्यायचा, साडीच्या ओल्या काठातलं पाणी निपटतो ना तसं. फेस येणार नाही, घाबरू नका. दोन-तीन मिनिटांनी हात नुसते ओले करायचे आणि परत तेच. आता नीट बघा, मगाशी जे नुसतं चकचकत होतं ते पांढुरकं, पातळ ताकासारखं दिसायला लागतं. ते ताक दिसलं की तेल सुटलं. आता ओता पाणी, हवं तेवढं.

एरंडेल जास्त असेल तर माझ्या मते शॅम्पूच्याही आधी कंडिशनर. ऐकायला उलटंच वाटतं, मलाही वाटलं होतं, तेलकटावर अजून गुळगुळीत काय लावायचं म्हणून. पण कंडिशनरमध्येही तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे घटक असतात, तो जाडसर तेलात मिसळतो आणि त्याला सैल करतो. साधा स्वस्तातला कंडिशनर घ्या, कोरड्या केसांना भरपूर लावा, दहा मिनिटं ठेवा, थोड्या पाण्यानं ताक करा, धुवा, मग शॅम्पू. शॅम्पूही कमी लागतो.

फेस आला नाही म्हणून बाटली उपडी करणं

तेल फेस मारतं. पहिल्या धुण्यात फेस न येणं हे अगदी नॉर्मल आहे, तेव्हा शॅम्पूचं सगळं काम तेल धरण्यातच चाललेलं असतं. धुऊन टाका आणि दुसऱ्यांदा थोडासाच घ्या, बघा कसा भसाभसा फेस येतो. दुसऱ्यांदाही नाही आला तर तेल अजून आहे, तिसऱ्यांदा करा. आणि तिथे थांबा. चौथ्यांदा केलं की डोक्याची त्वचा कोरडी पडून खाज सुटते, आणि केस बोटांखाली करकर वाजायला लागले की त्याला स्वच्छ म्हणत नाहीत, ओरबाडलेले म्हणतात.

अजून एक. "शॅम्पू फक्त मुळांना लावा, लांबीला फेस ओघळून येतो तेवढा पुरे" हा सल्ला सगळीकडे दिसतो आणि एरवी तो बरोबरच आहे, पण तेल लावलेल्या दिवशी तो विसरा. त्या दिवशी तेल शेंड्यापर्यंत आहे, मग शॅम्पूही शेंड्यापर्यंत जाणार.

सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळणं

हे तर करूच नका. जाहिरातीत करतात तसं सगळा केशसंभार डोक्यावर घेऊन गोल गोल घासायचं, लांब केसांना याच्याइतकं वाईट काही नाही. त्यात एरंडेल असेल तर आणखीच. २०१७ मध्ये केसांच्या विकारांवरच्या एका भारतीय वैद्यकीय जर्नलमध्ये एका तरुणीची गोष्ट छापून आली होती, तिनं खोबरेल आणि एरंडेल लावून लांब केस धुतले आणि केसांचा एकदम दगडासारखा जट झाला, शेवटी कापावेच लागले. असं क्वचितच होतं हे खरं, म्हणूनच त्याची नोंद झाली, पण ते वाचल्यापासून मी केस खाली सोडूनच धुते, वरून खाली, एकाच दिशेनं.

पाणी: एक तर बर्फ नाहीतर उकळतं

मी नाशिकची, डिसेंबरात आमच्याकडे टाकीचं पाणी हात बधिर करतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते ते उगाच नाही. मग त्या गार पाण्यानं डोकं धुतलं तर तेल केसांवरच थिजणार, निघणार कसं? साखरपुड्याच्या दिवशी गिझर आधी पाहुण्यांनी रिकामा केला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. उलट बाजूनं, तेल वितळावं म्हणून सोसवणार नाही इतकं गरम पाणीही नको, डोकं भाजतं आणि केस राठ होतात. मनगटाच्या आतल्या बाजूला जेवढं कोमट बरं वाटतं तेवढं बास.

राहतं ते नेमकं कुठे

जवळजवळ नेहमी मागे. मानेच्या वरचा आतला थर, कानामागे, आणि अंबाडा बसतो तिथे. पुढचं आरशात दिसतं म्हणून आपण पुढेच घासत बसतो. धुताना मान खाली घालून मागच्या केसांत आतून बोटं घाला, तिथे बुळबुळीत लागलं की समजा.

पण ओल्या केसांवर भरवसा ठेवू नका, ओले केस सगळेच गुळगुळीत लागतात. माझी टेस्ट अशी: टॉवेलनं टिपून झाल्यावर साधा टिश्यू पेपर घ्या, मागची एक बट त्यात दाबा, आणि तो टिश्यू पाच-दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. पाण्याचा डाग वाळून नाहीसा होतो. तेलाचा राहतो, भज्यांच्या कागदावर असतो तसा आरपार दिसणारा. डाग राहिला तर पुन्हा फक्त त्याच भागाला कंडिशनर आणि थोडा शॅम्पू, सगळं डोकं परत धुवायची गरज नाही.

स्वयंपाकघरातले उपाय

बेसन चालतं, आमची आजी तेच वापरायची, पण पातळ कालवून. घट्ट लावलं तर लांब केसांत त्याच्या गुठळ्या होतात आणि मग तेल परवडलं म्हणायची वेळ येते. कणीक मात्र चुकूनही नाही, ओली झाली की तिला चिकटपणा येतो, पोळ्यांची कणीक भिजवतो ती केसांत भिजवल्यासारखं होईल. भांड्यांचं लिक्विड तेल काढतं यात वाद नाही, फक्त ते स्टीलसाठी बनवलंय, केस झाडूसारखे होतात. खायचा सोडा अल्कधर्मी, केसांचा वरचा खवला उघडतो, गुंता होतो. कपड्यांची पावडर डोक्याला लावणारेही भेटलेत मला, त्यांना काय बोलणार.

शिकेकाई-रिठा हा वेगळा विषय. दोन्हीत नैसर्गिक फेस देणारा घटक असतो, रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घेतलं तर एक-दोन चमचे खोबरेल आरामात निघतं. अर्धी वाटी एरंडेल नाही निघत, तेवढी अपेक्षाच चुकीची. आणि डोळे घट्ट मिटा, रिठा डोळ्यात गेला की ब्रह्मांड आठवतं.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणींचा होतो. बोअरवेलचं जड पाणी आणि डोक्याला साबणाची वडी, मग ती शिकेकाई नावाची का असेना, असं वापरलं तर पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून एक चिकट मेणचट थर बसतो. तो तेलासारखाच वाटतो, पण शॅम्पू मारत राहिलात तरी नीट जात नाही. ओळखायचं कसं, तर फणीच्या दातांत करडं-पांढरं काहीतरी साठतं. त्याला एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटचं पाणी द्या आणि साबणाची वडी वापरणं बंद करा. लिंबू थेट डोक्यावर पिळून उन्हात बसू नका, त्वचा भाजते.

धुतलेल्या केसांना परत तेल लावणं

आता म्हणाल, असं कोण करतं? सगळे करतात. ज्या टॉवेलनं रात्री तेलाचं डोकं गुंडाळलं त्याच टॉवेलनं सकाळी केस पुसायचे, ज्या फणीनं तेल पसरवलं तीच फणी, तोच रबर, तोच उशीचा अभ्रा. माझी फणी एकदा गरम शॅम्पूच्या पाण्यात बुडवून ठेवली तर वर जो तवंग आला तो बघून मीच गप्प. तेलासाठी जुना टॉवेल वेगळा ठेवा, आणि तोही गरम पाण्यात साबण घालून भिजवत जा, नाहीतर खवट वास मारतो.

तेल मुळात किती?

कमरेपर्यंतच्या केसांना दोन-तीन छोटे चमचे खूप झाले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेजवळची टोकं पाच-सहा वर्षांची जुनी असतात, तेल खरं तर त्यांना हवं, टाळूला नाही. खोबरेल केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी निघून जातं हे २००३ मध्ये भारतातल्याच संशोधकांनी तपासून छापलंय, त्यांच्या प्रयोगात सूर्यफूल तेलाचा आणि मिनरल ऑइलचा तसा उपयोग दिसला नव्हता. पण जे आत शिरायचं ते शिरतं, बाकीचं वर नुसतं बसतं आणि ते आपल्यालाच काढायचं असतं, त्यामुळे जास्त ओतून जास्त फायदा होत नाही. एरंडेल घालायचंच तर तीन भाग खोबरेलला एक भाग. आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल नकोच, कोंड्याच्या बुरशीला ते खाद्य मिळतं.

अगदीच वेळ नसेल तर

केस पूर्ण वाळले आणि तेलकट दिसतायत, दारात गाडी उभी आहे. कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट चिमूटभर, पावडरच्या ब्रशनं फक्त मुळांशी आणि मानेमागे लावा, पाच मिनिटं थांबा, खाली वाकून झटका. ओल्या केसांवर नाही हां, खळ होते त्याची. मग घट्ट वेणी घाला नाहीतर अंबाडा, वर गजरा, कुणाला कळत नाही. स्ट्रेटनर मात्र अजिबात नको, तेलकट केसांवर तो फिरवला की तेल तापून केस भाजतात. आणि कार्यक्रम असेल तर तेल दोन दिवस आधी लावा, आदल्या रात्री नाही.

राहिली बाथरूमची फरशी. ते सगळं ताक तिथेच वाहिलेलं असतं. दाराबाहेर पडायच्या आधी थोडी कपड्यांची पावडर टाकून, खराट्यानं घासून गरम पाण्याची एक बादली ओता, जाळीतले केस उचला. आमच्याकडे माझ्यानंतर नवरा आंघोळीला जातो, त्या साखरपुड्याच्या सकाळी तो नळाला धरून लटकला म्हणून वाचला, आणि नळ अजून थोडा वाकडाच आहे.