पुढच्या वर्षी कोण गाजणार? मराठी गाण्यांचा अंदाज बांधण्याची रीत

फेब्रुवारी २०२४ मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि त्या लग्नसराईत हळदीपासून वरातीपर्यंत तेच वाजत राहिलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलकडून बाहेर पडलं आणि मराठी शब्द हाउस संगीताच्या ठेक्यावर परदेशी क्लबांपर्यंत पोहोचले. दोन्ही गाणी ‘अचानक’ आली, असं सगळे म्हणाले. पण संजू राठोडचं ‘नऊवारी’ त्याआधीच रील्सवर फिरत होतं. पाहणाऱ्याला खुणा दिसत होत्या, फक्त कोणी त्या टिपून ठेवल्या नव्हत्या. हा लेख त्या टिपण्याबद्दल आहे. लागणारं साहित्य फार नाही: एक स्प्रेडशीट, आठवड्यातला दीड तास आणि बारा आठवड्यांचा धीर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केलीत, तर डिसेंबरअखेरीस यादी तयार होते.

आधी ‘गाजणं’ म्हणजे काय ते लिहा

बहुतेक अंदाज इथेच फसतात. ‘अमुक गायिका पुढच्या वर्षी मोठी होईल’ हे वाक्य खरं ठरलं की खोटं, हे वर्षअखेरीस कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मोजता येईल अशी अट घाला. उदाहरणार्थ, पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत या तीनपैकी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत: यूट्यूबवर दोन वेगवेगळ्या गाण्यांना प्रत्येकी एक कोटी व्ह्यूज, स्पॉटिफायवर सलग आठ आठवडे दहा लाखांहून जास्त मासिक श्रोते, स्वतःच्या जिल्ह्याबाहेर किमान पाच जिल्ह्यांत तिकीट लावून झालेले कार्यक्रम. आकडे तुम्ही बदला, पण एकदा लिहिले की वर्षभर हलवायचे नाहीत.

आजच या अटी पूर्ण करणाऱ्यांना यादीत घेऊ नका. बीबीसी २००३ पासून दर वर्षी ‘साउंड ऑफ’ नावाची नव्या कलाकारांची यादी काढते. २००८ मध्ये तिने गायिका अडेलला पहिलं स्थान दिलं, तो खरा अंदाज होता. २०२५ मध्ये पहिली आली अमेरिकी गायिका चॅपल रोन, पण तिचा अल्बम २०२३ चा आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती घराघरांत पोहोचलेलीच होती. ही निवड चुकीची नव्हे, पण तिला भाकीतही म्हणता येत नाही.

चाळीस नावं गोळा करा

चाळीसच का? दहा नावं घेतलीत तर ती तुमच्या आवडीची असतात, आणि शंभर घेतलीत तर दर आठवड्याला आकडे भरताना तिसऱ्या आठवड्यात हात थकतात.

नावं एकाच झऱ्यातून भरू नका. इन्स्टाग्रामवर एखाद्या ऑडिओवर बोट ठेवलं की त्यावर किती रील्स बनल्या ते दिसतं. पन्नास हजारांच्या आतली आणि दर आठवड्याला वाढणारी संख्या आपल्या कामाची. शझॅम या कानावर पडलेलं गाणं ओळखून देणाऱ्या ॲपवर शहरवार याद्या असतात आणि त्यांना वेगळं मोल आहे: तिथे पोहोचलेल्या माणसाला गाणं ऐकू आलं, ठाऊक नव्हतं, आणि नाव शोधावंसं वाटलं. नव्या गाण्याची भूक इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. गाजलेल्या गाण्यांची श्रेयनामावलीही वाचा. संगीत संयोजक, ठेका बांधणारा, गीतकार यांपैकी कोणाचं तरी नाव तीन वेगवेगळ्या गायकांच्या गाण्यांत दिसू लागलं, तर पुढचा गायक तिथूनच येण्याची शक्यता असते.

महाराष्ट्रात आणखी एक खूण आहे, जी परदेशी पद्धतींत सापडत नाही: डीजेवाल्यांचे रिमिक्स. यूट्यूबवर गाण्याचं नाव आणि पुढे ‘डीजे’ लिहून शोधा, गाळणीत ‘या आठवड्यात’ निवडा, आणि वेगवेगळ्या चॅनेलांनी त्या गाण्याचे किती रिमिक्स चढवले ते मोजा. सांगलीचा, जालन्याचा आणि पालघरचा ऑपरेटर एकाच आठवड्यात एकाच गाण्याला हात घालत असेल, तर त्या तिघांकडेही फर्माईश आली आहे असं धरायला हरकत नाही. ते दुसऱ्याचा जाहिरातखर्च सांभाळायला बसलेले नसतात. मिरवणुकीत काय चालेल हे त्यांच्या पोटापाण्याचं ज्ञान आहे. ओळखीचा बेंजो पार्टीवाला किंवा डीजे ऑपरेटर असेल तर महिन्यातून एकदा एवढंच विचारा: ‘लोक स्वतःहून काय मागतात?’ ‘तुम्हाला काय आवडतं?’ हे विचारू नका.

तुमच्या स्वतःच्या फोनवर मात्र भरवसा ठेवू नका. तो तुम्हाला आवडतं तेच दाखवतो. या कामासाठी वेगळं खातं उघडा, त्यावर काहीही लाइक करू नका, आणि शक्य असेल तर तालुक्याच्या गावात राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या दोघांना त्यांनी नुकतीच सेव्ह केलेली पाच गाणी विचारा.

दर मंगळवारी आकडे भरा

वार एकच ठेवा. शनिवार-रविवारी ऐकणं-बघणं वेगळं असतं, त्यामुळे एकदा सोमवारी आणि एकदा रविवारी नोंद केली की वाढ खोटी दिसते. प्रत्येक कलाकारासमोर सहा रकाने पुरेत: स्पॉटिफायचे मासिक श्रोते, तिथले फॉलोअर्स, यूट्यूबवरच्या ताज्या गाण्याचे व्ह्यूज, चालू ऑडिओवरच्या रील्स, आठवड्यातले नवे रिमिक्स आणि एक मोकळा रकाना शेऱ्यासाठी. मासिक श्रोते म्हणजे मागच्या २८ दिवसांत एकदा तरी ऐकणारी वेगवेगळी माणसं. म्हणून आज आलेलं वादळ या आकड्यात चार आठवडे रेंगाळतं आणि मग एकदम ओसरतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काय उरतं ते बघितल्याशिवाय मत बनवू नका.

आता मुख्य हिशोब. समजा, ‘अ’चे मासिक श्रोते बारा आठवड्यांत ८,६०,००० वरून ९,००,००० झाले आणि फॉलोअर्स २०,००० आहेत. ‘ब’चे श्रोते १६,००० वरून ४०,००० झाले, फॉलोअर्स ९,०००. पहिल्या नजरेला ‘अ’ मोठा. पण त्याची वाढ बारा आठवड्यांत पाच टक्क्यांहून कमी आहे, तर ‘ब’ अडीच पट झाला, म्हणजे आठवड्याला जवळपास आठ टक्के. शिवाय ‘अ’च्या शंभर श्रोत्यांमागे फक्त दोन जणांनी फॉलो केलंय, ‘ब’च्या शंभरामागे बावीस जणांनी. ‘अ’चं एखादं गाणं कुठल्यातरी लोकप्रिय प्लेलिस्टमध्ये बसलं असावं. लोक ते ऐकतात, पण कोण गातंय हे त्यांना माहीत नाही. प्लेलिस्टमधून ते निघालं की ‘अ’ खाली येईल. यादीत ‘ब’ला वर ठेवा.

दुसऱ्या गाण्याची कसोटी

सगळ्या खुणांतली एकच निवडायची झाली तर ही निवडा. गाजलेल्या गाण्याच्या आधीच्या गाण्याला पहिल्या सात दिवसांत किती व्ह्यूज होते आणि नंतरच्या गाण्याला पहिल्या सात दिवसांत किती, याचं गुणोत्तर काढा. आधी १२,००० आणि नंतर ९०,००० असेल तर साडेसात पट: लोक आता माणसाकडे परत येतायत. नंतरचा आकडा १५,००० च असेल तर गाणं गाजलं, कलाकार नाही. २०२२ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालच्या भुबन बड्याकर यांचं ‘काचा बादाम’ जगभर नाचलं गेलं, पण त्या उंचीचं दुसरं गाणं त्यांच्याकडून आलं नाही. संजू राठोडच्या बाबतीत ‘गुलाबी साडी’नंतर एप्रिल २०२५ मध्ये ‘शेकी’ आलं आणि तेही मराठी न कळणाऱ्यांपर्यंत गेलं. फरक इथे आहे. सात दिवसांचा आकडा नंतर मिळत नाही, म्हणून नवं गाणं आलं की आठव्या दिवशी नोंद करायचा गजर लावून ठेवा.

केरळमधल्या मुळांचा, बेंगळुरूत घडलेला रॅपर हनुमानकाइंड याचं ‘बिग डॉग्ज’ जुलै २०२४ मध्ये आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याची ‘कलारी’ ही ईपी, म्हणजे छोटा अल्बम, २०१९ ची. मागे पाच वर्षांचं काम होतं, त्यामुळे आलेला श्रोता थांबून बघायला काहीतरी होतं. तुमच्या यादीतल्या प्रत्येकाची किमान सहा ऐकण्याजोगी गाणी आहेत का, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहा. नसतील तर आलेली गर्दी टिकत नाही.

विकत घेतलेले आकडे ओळखा

२०१९ मध्ये एका भारतीय गाण्याने पहिल्या चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूजचा दावा केला. जाहिरातीतून आलेल्या व्ह्यूजवरून वाद झाला, आणि त्याच वर्षी यूट्यूबने चोवीस तासांच्या विक्रमासाठी असे व्ह्यूज धरणं बंद केलं. व्हिडिओखालच्या एकूण आकड्यात मात्र जाहिरातीचे व्ह्यूज मिसळलेले असू शकतात. ओळखायचं कसं? आलेख बघा. जाहिरात चालू असेपर्यंत रोजचा आकडा जवळपास सारखा राहतो आणि पैसे संपल्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. मनापासून ऐकलं जाणारं गाणं हळूहळू उतरतं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा थोडं वर येतं. प्रतिक्रियाही वाचा. तीस लाख व्ह्यूज आणि खाली नुसते बदाम-आगीचे इमोजी असतील तर सावध व्हा. ‘दादा, काल आमच्या गावच्या हळदीत चार वेळा वाजलं’ अशी एक ओळ त्या पन्नास इमोजींहून मोलाची.

गूगल ट्रेंड्स, म्हणजे लोक काय शोधतात ते दाखवणारं साधन, वापरताना वेब शोधाऐवजी यूट्यूब शोध निवडा आणि प्रदेश महाराष्ट्र ठेवा. वेब शोधात ‘गुलाबी साडी’ टाकलंत तर साडी विकत घेणारेही त्यात मिसळतात. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत तपासा. शून्य ते शंभर हा आकडा सापेक्ष असतो: शंभर म्हणजे त्या काळातलं शिखर, शंभर लोक नव्हेत.

श्रोत्यांच्या शहरांची यादी बघताना एक काळजी घ्या. मोबाइल डेटावरचा श्रोता बऱ्याचदा जवळच्या मोठ्या शहराच्या खात्यावर जमा होऊ शकतो, त्यामुळे मुंबई-पुणे वर असण्यातून फारसं कळत नाही. मराठी गाण्याच्या यादीत हैदराबाद किंवा अहमदाबाद नव्याने दिसू लागलं, तर त्या मंगळवारी शेऱ्याचा रकाना रंगवून ठेवा.

पंचांग उघडा

गाणं चांगलं असून चुकीच्या महिन्यात आलं तर वाया जातं. हळदीचं, नाचाचं गाणं तुळशीच्या लग्नानंतर ते मे या काळात चालतं. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या चार-पाच आठवडे आधी यायला हवं, म्हणजे मंडळांच्या आणि ढोल-ताशा पथकांच्या कानावर पडतं. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि भीमजयंतीची १४ एप्रिल या तारखांभोवती स्वतंत्र गीतांची मोठी बाजारपेठ उभी राहते. तिकडे दुर्लक्ष करणारे अंदाज अर्धा महाराष्ट्र सोडून देतात. तिथीच्या तारखा दर वर्षी नव्याने बघा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक मासात लग्नं नसतात, म्हणजे त्या वर्षी हळदीच्या गाण्यांचा मोसम मेच्या मध्यातच तुटतो. एप्रिलअखेरीस येणाऱ्या नाचाच्या गाण्याला हातात जेमतेम तीन आठवडे.

आवाज कुठे चाललाय ते ऐकायचं असेल तर मागच्या बारा महिन्यांतली तीस गाजलेली गाणी घ्या आणि प्रत्येकाची लय मिनिटाला किती ठोके, पहिला शब्द कितव्या सेकंदाला, ध्रुवपद कितव्याला, हलगी-संबळ-बेंजोपैकी काय आहे, एवढं टिपा. आधीच्या वर्षाच्या तीस गाण्यांशी ताडून बघा. एखाद्या ठेक्याच्या नकला डझनावारी यायला लागल्या की त्याचा बहर ओसरत आलाय असं समजा आणि तीसपैकी दोन-तीन गाण्यांतच असलेलं पण वाढणारं काहीतरी शोधा.

टक्के द्या, आणि बंद करून ठेवा

प्रत्येक नावासमोर शक्यता टक्क्यांत लिहा. चाळीसपैकी साधारण तिघं अट पूर्ण करतील असं वाटत असेल, तर सगळ्या टक्क्यांची बेरीज ३०० च्या आसपास यायला हवी. पहिल्या खेपेला ती बहुधा ९०० येते, कारण प्रत्येक नाव एकेकटं बघताना आशादायक वाटतं. मग कापाकापी करा. ६० च्या वर एखाद-दुसरंच नाव राहू द्या.

इतकी सावधगिरी कशासाठी, याचं उत्तर २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांच्या प्रयोगात आहे. १४,३४१ जणांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली आणि काहींना वेगवेगळ्या आठ गटांत वाटून इतरांनी काय डाउनलोड केलं ते दाखवलं. प्रत्येक गटात वेगळी गाणी वर गेली. एक गाणं एका गटात पहिलं आलं, तर दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही झालं. यादीतली बहुतेक नावं त्या मधल्या पट्ट्यातली असतात.

वर्षअखेरीस गुण काढा. शक्यता दशांशात घ्या, अट पूर्ण झाली तर १, नाही तर ०, आणि दोघांतल्या फरकाचा वर्ग. ०.२ दिलं आणि झालं नाही, तर ०.०४. ०.७ दिलं आणि झालं नाही, तर ०.४९. चाळिसांची सरासरी काढा. काहीच न बघता सगळ्यांना साडेसात टक्के दिले असते आणि तिघं गाजले असते, तर सरासरी साधारण ०.०६९ आली असती. तुमची त्याहून कमी आली, तरच मंगळवारच्या दीड तासाने काही दिलं.

यादीची प्रत स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख शाबूत राहते. मार्च, जून आणि सप्टेंबरअखेरीस नवे टक्के शेजारच्या रकान्यात लिहा, जुने खोडू नका. एकाच मंचावर उभ्या असलेल्या कलाकाराचे दर वेळी थोडे टक्के कमी करा: २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ तिथे जमवलेले लाखो चाहते एका रात्रीत हाताबाहेर गेले होते.