मायक्रोस्कोपीत या चुका टाळा: इमेज बिघडते ती बऱ्याचदा सॅम्पल बनवतानाच

इमेज नीट येत नसली की आपण आधी लेझर पॉवर नाहीतर गेन (सिग्नल वाढवायचं सेटिंग) वाढवत बसतो, पण घोळ बहुतेक वेळा स्लाइड बनवतानाच झालेला असतो आणि तो मशीनवर दुरुस्त होत नाही.

पहिलं म्हणजे कव्हरस्लिप, म्हणजे सॅम्पलवरची पातळ काच, बघा. जास्त एनएचे (जास्त कोनातून प्रकाश गोळा करणारे) बरेचसे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सॅम्पलजवळची भिंगं, ०.१७ मिमी जाडीच्या काचेसाठी बनवलेले असतात, म्हणजे नंबर १.५ चीच घ्यायची. जिवंत पेशी पाण्यात (अपवर्तनांक १.३३) आणि ऑब्जेक्टिव्ह ऑइलचा (साधारण १.५२) असं असेल तर जसजसं खोल फोकस कराल तसतशी इमेज धूसर आणि झेड (खोलीच्या) दिशेत ताणलेली दिसणार, तिथे वॉटर इमर्शनच (भिंग आणि काचेच्या मध्ये तेलाऐवजी पाणी) लावा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, दोन रंगांचं ओव्हरलॅप. हिरवं आणि लाल मिळून पिवळं दिसलं की दोन प्रोटीन एकमेकांना चिकटलेत असं लगेच लिहून टाकू नका प्लीज! एका डायचा (प्रोटीनला लावलेल्या चमकणाऱ्या रंगाचा) प्रकाश दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये झिरपत असेल तरी पिवळंच दिसतं, म्हणून प्रत्येक डायची वेगळी स्लाइड कंट्रोल म्हणून ठेवा आणि चॅनेल एकामागून एक स्कॅन करा. शिवाय साध्या कॉन्फोकलचं (लेझरने बिंदू-बिंदू स्कॅन करणाऱ्या मायक्रोस्कोपचं) रिझोल्यूशन २०० नॅनोमीटरच्या आसपास अडकतं, प्रोटीन असतं काही नॅनोमीटरचं, म्हणजे तेवढ्या जागेत कितीतरी प्रोटीन एकमेकांना न शिवताही मावतात. आणि पिक्सेल सॅच्युरेट झाले (कमाल मर्यादेला टेकले) असतील तर त्यावरून इंटेन्सिटी मोजायचीच नाही.

टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन आरपार जाणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) सेक्शनवर, म्हणजे सॅम्पलच्या पातळ कापावर, काळे ठिपके दिसले तर आधी लेड सायट्रेट या शिशाच्या स्टेनवर संशय घ्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन लेड कार्बोनेट बसतं. स्टेनिंग करताना डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवा, धुवायचं पाणी उकळून गार केलेलं वापरा आणि स्टेनवर श्वास सोडू नका. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉनने पृष्ठभाग स्कॅन करणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) इमेज मध्येच पांढरी होत असेल, सरकत असेल तर ते चार्जिंग (सॅम्पलवर विद्युतभार साठणं) आहे, सॅम्पलवरचं वाहक कोटिंग तपासा किंवा केव्ही (इलेक्ट्रॉनचं व्होल्टेज) कमी करा.

फिक्सेशनला (पेशी आहेत तशा टिकवून ठेवण्याला) मात्र मला सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं. बॅक्टेरियातले मेसोसोम (पेशीपटलाच्या आत वळलेल्या घड्या) बरीच वर्षं खरे अवयव म्हणून अभ्यासले गेले आणि नंतर कळलं की ते केमिकल फिक्सेशनमुळे तयार होत होते, झटकन गोठवलेल्या पेशींमध्ये ते दिसेनात. म्हणून ग्लुटराल्डिहाइडने (फिक्सेशनच्या रसायनाने) फिक्स केलेल्या सॅम्पलमध्ये काही नवीन रचना दिसली तर तोच नमुना हाय प्रेशर फ्रीझिंग (जास्त दाबाखाली झटकन गोठवणं) करूनही बघा, आणि तिथेही दिसली तरच तिला नाव द्या.