चंदीच्या आधी चार खूर

आमच्या अण्णांची एक शिस्त होती. सकाळी घोड्याच्या तोंडाला तोबरा, म्हणजे चंदीची (दाण्याच्या खाद्याची) पिशवी, चढायच्या आधी त्याचे चारही खूर आपल्या हातात येऊन गेले पाहिजेत. आधी खूर, मग चंदी. ते गेल्यावरही मी हा क्रम मोडलेला नाही. एकदाच मोडला होता, त्याचं पुढे सांगतोच.

माथेरानला गाड्या दस्तुरीपर्यंतच येतात. तिथून पुढे पायी, छोटी रेल्वे, ई-रिक्षा, नाहीतर घोडा. म्हणजे आमची सगळी रोजीरोटी घोडीच्या खुरांवर उभी. वाट जांभ्याची: उन्हाळ्यात धारदार खडे नि लाल फुफाटा, पावसाळ्यात चार महिने चिखल. नवीन घोडं घेतलेली पोरं खोगीर कुठलं घेऊ, लगाम कुठला घेऊ असं विचारत येतात. मी त्यांना आधी खूर उचलायला लावतो.

पुढचा पाय उचलताना घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आपलं तोंड त्याच्या शेपटीकडे. हात खांद्यावरून सावकाश खाली न्यायचा, मध्येच उचलायचा नाही. गुडघ्याखाली मागच्या बाजूला जी शीर लागते ती दोन बोटांत हलकी दाबायची नि ‘पाय’ म्हणायचं. रोज तोच शब्द, तोच सूर. आठवडाभरात घोडं शब्दावर पाय देतं. मागचा पाय धरताना बरगडीला चिकटून उभं राहायचं, हातभर लांबून वाकायचं नाही. चिकटून असलं तर घोडं लाथ मारायला निघालंय हे आपल्या अंगाला आधी कळतं. पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका, त्याच्या पोटाखालीच ठेवा. बरीच घोडी वाईट खोडीची नसतात, पाय वेडावाकडा ओढल्यामुळे दुखून झटका देतात.

खूर हातात आला की आकडीने टाचेकडून टोकाकडे साफ करायचं, उलटं कधीच नाही. मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, तो टोकरायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाचा असतात, सगळी घाण तिथे बसते. नाल नि तळव्याच्या सांध्यात खडा अडकलाय का ते बोटाने चाचपायचं. मग खूर नाकाशी न्यायचा. होय, वास घ्यायचा. चांगल्या खुराला मातीचा नि शिंगाचा वास येतो. खाचेतून काळं, चिकट, कुजका वास मारणारं काही निघालं तर सड लागली समजा. शेवटी खुरावर तळहात ठेवायचा. चारही सारखे गार असले की झालं. एक गरम लागला तर त्या दिवशी घोडं धंद्यावर काढायचं नाही. सरावाच्या हाताला सगळं मिळून दहा मिनिटं पुरतात.

आता तो मोडलेला क्रम. मे महिना, गर्दी भरात. माझ्या मैनेचे नाल बदलून नऊ आठवडे झाले होते. आज बदलू, उद्या बदलू असं करत मी दिवस काढले, कारण एक दिवस घोडी उभी ठेवणं जिवावर येत होतं. सकाळचे खूरही दोन दिवस बघितले नाहीत. पॅनोरमा पॉइंटहून परतताना उतारावर ती मान उडवायला लागली. दुखरा पुढचा पाय टेकला की घोडं मान वर घेतं, चांगला टेकला की खाली सोडतं. मला हे माहीत होतं. तरी मी थकवा म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या सकाळी तिने उजवा पाय जमिनीला टेकवलाच नाही. ढिल्या नालाखाली बारीक खडी शिरली होती, खुराची भिंत (बाहेरचं कठीण कवच) नि तळवा जोडणाऱ्या पांढऱ्या रेषेतून वर चढली होती नि आत पू धरला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी छोटं छिद्र केलं नि काळपट पाणी चिळकांडीसारखं उडालं. मैनेने मोठा श्वास सोडला आणि तो पाय हळूच टेकवला. मी तिथेच तिच्या मानेला धरून रडलो. पुढे रोज कोमट पाण्यात मीठ घालून पाय शेकायचा, स्वच्छ पट्टी, वरून जाड पिशवी. तीन आठवडे घोडी उभी. एक दिवस वाचवायला गेलो होतो.

म्हणून नालबंदीचं सांगतो. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. नाल मात्र वाढत नाही. पाच-सहा आठवडे झाले की वाढलेला खूर नालाच्या बाहेर येतो, टोक लांबतं, टाच दबते नि सगळा ताण मागच्या शिरेवर जातो. नाल झिजलेला नसला तरी काढून, खूर तासून, पुन्हा बसवायचा. नालबंद काम करताना आपण तिथे उभं राहायचं, चहाला जायचं नाही. नाल खुराच्या मापाने वाकवला पाहिजे. खूर नालाच्या मापाने कानशीने घासून बसवला तर दिसायला सुबक दिसतो, पण भिंत पातळ होते. खिळा पांढऱ्या रेषेच्या बाहेरच हवा. ठोकताना घोडं दचकलं तर तो खिळा तिथल्या तिथे उपसायला सांगा, भीड धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराला हात लावून बघाच. मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसल्यापासून ओल्यात घोडी घसरतात, तिथे गुळगुळीत झालेला नाल एक दिवसही ठेवू नये.

वाटेत खिळा रुतलेला दिसला तर घाईने उपटू नका. पाय टेकून तो आणखी आत जाणार नाही असा आधार द्या नि डॉक्टरांना बोलवा. किती नि कुठल्या दिशेला गेलाय हे त्यांना बघू द्या. काढावाच लागला तर जागेवर खूण करून ठेवा. त्या मधल्या त्रिकोणात गेलेला खिळा सगळ्यात वाईट, आत सांधा जवळ असतो. धनुर्वात घोड्याला फार लवकर धरतो, त्याची लस चुकवू नका.

पावसाळ्यात काम वेगळं. ओल थांबवता येत नाही, पण तबेला कोरडा ठेवता येतो. जमीन उताराची हवी, मूत साचलं नाही पाहिजे, लीद दिवसातून निदान तीनदा उचलायची. मी भाताचं तूस पसरतो, ओलं झालेलं रोज बाहेर. सड दिसली तर खूर धुऊन, फडक्याने अगदी कोरडा करून खाचांमध्ये आयोडीनचा बोळा. मोरचूद जुने लोक वापरतात, पण लाल, कच्च्या मांसावर तो लावू नये, भाजतं. जळकं इंजिन ऑइल फासायची पद्धत आमच्याकडेही आहे. ती बंद करा. खूर काळा चकचकीत दिसतो नि घाण आत कोंडते.

खुराचं दुखणं पोटातूनही येतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण हवीच. चंदी थोडी, दोन-तीन वेळांत वाटून. एका रात्री शेजारच्या तबेल्यातलं घोडं सुटून हरभऱ्याच्या पोत्यात तोंड घालून उभं राहिलं. दोन दिवसांत पुढचे दोन्ही पाय ताणून, भार मागच्या पायांवर टाकून ते खिळल्यासारखं झालं. खूर तव्यासारखे तापलेले. अशा वेळी चालवून बघायचं नाही. डॉक्टर येईपर्यंत खुरांवर बर्फ किंवा गार पाण्याची धार आणि पायाखाली मऊ अंथरूण. धान्य जास्त खाल्लंय एवढं कळलं तरी लक्षणांची वाट न बघता लगेच बोलवायचं. त्याच्या मालकाने दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली. ते घोडं पुन्हा ओझ्याला लागलं नाही.

नाडी बघायची सवय आत्तापासून लावून घ्या. मुरव्याच्या, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या, मागच्या बाजूला दोन्हीकडे बोटं टेकवा. चांगल्या पायात ठोका जेमतेम लागतो. ठक ठक जोरात लागला तर आत काहीतरी पेटलंय. तबेल्याच्या दारामागच्या फळीवर मी खडूने लिहून ठेवतो: नालबंदीची तारीख, लसीची तारीख आणि खाली मैनेच्या चार पायांच्या चार चौकटी. ज्या पायात काही वेगळं वाटलं त्या चौकटीत फुली. मुलगा सकाळी आला की आधी फळी बघतो, मग पाय.