ब्रिटनच्या पायवाटांवरची विषारी झाडं: नवीन आलेल्यांसाठी

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच बहुतेकांना पब्लिक फूटपाथची, म्हणजे शेतारानातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांची, गोडी लागते, आणि लागावीच. पिवळा बाण दिसला की वाट पायी चालणाऱ्यांची, निळा दिसला की घोडे आणि सायकलीही येणार. शेताच्या मधून, ओढ्याच्या काठाने, चर्चच्या आवारातून बिनदिक्कत जाता येतं. धोका आहे तो आपल्या सवयीत. पावसाळ्यात टाकळा, शेवळं, अळू ओळखून खुडणारा आपला हात इथेही तितक्याच विश्वासाने पुढे होतो, आणि इथली काही विषारी झाडं नेमकी आपल्या भाज्यांसारखी दिसतात.

सगळ्यात फसवं कोथिंबिरीचं कुळ. वसंतात वाटेच्या दुतर्फा पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उभ्या राहतात. त्यातली बरीचशी काउ पार्सली असते, निरुपद्रवी. पण तिच्याच ओळीत हेमलॉक उगवतं. त्याचं खोड गुळगुळीत, लव नसलेलं आणि त्यावर जांभळे डाग. सॉक्रेटिसला पाजलं ते हेच. ओढ्याकाठी, चरात उगवणारं हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट त्याहून वाईट. पान जाड कोथिंबिरीसारखं, वासही बराचसा सेलरीसारखा, आणि मुळाशी पांढरट, जाड बोटांसारख्या गाठी. विष सगळ्या झाडात असतं, पण या गाठींत सर्वांत जास्त. खाल्ल्यावर झटके येतात आणि माणूस दगावू शकतो. हिवाळ्यात पुराने काठ खचला की गाठी उघड्या पडतात, तेव्हा कुत्र्याचा पट्टा आखूड धरा. ॲलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) मेथी-कोथिंबीर लावत असाल आणि शेजारून चर जात असेल, तर वाफ्याबाहेर ‘आपोआप उगवलेली’ कोथिंबीर घरी आणू नका. शिजवून विष जाईल या भरवशावर राहू नका.

याच कुळातलं जायंट हॉगवीड खावंही लागत नाही, अंगाला लागलं तरी पुरे. मूळचं कॉकेशसचं, एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून आणलेलं; आता ट्वीडसारख्या नद्यांच्या काठाने पसरलं आहे. उंची 3 ते 5 मीटर, पान मीटरभराहून मोठं आणि कडा करवतीसारख्या, खोडावर जांभळे डाग आणि राठ केस. जून-जुलैत फुलतं. फुलायच्या आधीच्या वर्षांत मात्र ते जमिनीलगत नुसत्या पानांचं असतं आणि तेव्हाच नजरेतून सुटतं.

त्याच्या रसातली द्रव्यं कातडीचं ऊन सोसण्याचं बळ काढून घेतात. रस लागला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. गडबड होते ती इथे: लागताना काहीच जाणवत नाही. लाली साधारण दुसऱ्या दिवशी येते, मग फोड, आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणून संशय आला तरी ताबडतोब साबण आणि गार पाण्याने धुवा, तो भाग 48 तास उन्हापासून पूर्ण झाका, कपडे वेगळे धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन, गॉगल लावून थेट डॉक्टर गाठा. खाज येते म्हणून लिंबू चोळणं हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार, कारण लिंबाच्या सालीतही त्याच जातीची द्रव्यं असतात. मुलांना एक गोष्ट बजावून सांगा: या झाडाचं पोकळ खोड दुर्बीण किंवा फुंकणी करायला मोहात पाडतं, आणि मग डोळे आणि ओठ भाजतात. ॲलॉटमेंटवर स्ट्रिमर (गवत कापायचं यंत्र) फिरवताना रस अंगभर उडतो, तेव्हा लांब बाह्या, हातमोजे आणि चष्म्याशिवाय गवत कापू नका. साधं हॉगवीड ठेंगणं असतं, पण त्याचा रसही बाधतो. जायंट हॉगवीड वाटेवर दिसलं तर स्वतः तोडायला जाऊ नका, फोटो काढून काउन्सिलला कळवा.

रायगड-ठाण्याकडच्यांना झाडांच्या सावलीत एप्रिल-मे महिन्यात शेवळासारखा कोंब दिसेल. हिरवट वेष्टन, आत जांभळा दांडा. हे लॉर्ड्स अँड लेडीज, अळू-शेवळाच्याच कुळातलं, तसंच घशाला खाजवणारं. आपल्याकडची खाज चिंचेने, काकडाने मोडते. तो प्रयोग इथे करू नका. जंगली लसूण खुडताना तर विशेष जपा, कारण दोघांची पानं एकाच ठिकाणी मिसळून उगवतात. मूठभर ओरबाडू नका, एकेक पान पाहून घ्या. हाताला एकदा लसणाचा वास लागला की पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं, म्हणून वासावर विसंबू नका. उन्हाळ्याअखेर लॉर्ड्स अँड लेडीजला लाल फळांचा तुरा येतो, लहान मुलांच्या अगदी हाताच्या उंचीवर.

ऑगस्ट-सप्टेंबरात ब्लॅकबेरी जरूर वेचा, पण त्याच कुंपणात ब्लॅक ब्रायनीचे वेल लाल फळांनी लगडलेले असतात, ते विषारी. लहानपणी कामोणीची काळी फळं खाल्लेल्यांनी डेडली नाइटशेड लक्षात ठेवावं. कामोणीचे मणी वाटाण्याएवढे आणि झुपक्यात. डेडली नाइटशेडचं फळ चेरीएवढं, चकचकीत, एकेकटं आणि मागे पाच टोकांची हिरवी चांदणी. चर्चच्या आवारातल्या यू वृक्षाची लाल फळं आणि फॉक्सग्लोव्हचं अख्खं झाड, दोन्हींपासून मुलांना लांब ठेवा. नेटल ही खाजरी वनस्पती मात्र नुसतीच चावते. तासाभरात, फार तर दिवसभरात उतरते.

कोणी काही खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. तोंडात उरलेलं बाहेर काढा, वेळ लिहून ठेवा, झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत घ्या. झटके, शुद्ध हरपणं, श्वासाचा त्रास असेल तर 999 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. अजून त्रास दिसत नसला तरी वाट न पाहता 111 ला, म्हणजे एनएचएसच्या आरोग्य सल्लासेवेला, फोन करा. विषबाधेची राष्ट्रीय सल्लासेवा फक्त डॉक्टर-नर्सनाच वापरता येते, तिचा नंबर शोधण्यात वेळ घालवू नका. आणि ओळख पटवायला म्हणून झाड मुळासकट उपटू नका: 1981 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानटी रोप उपटणं गुन्हा आहे. एक पान पुरतं, तेही पिशवीतून हात घालून.